बाबा म्हणतात दोन वर्षं थांबू, मशीनमधलं लिव्हर येईल. खरंच थांबण्यासारखं काही संशोधन आहे का?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी, इथे वाचते बऱ्याच दिवसांपासून पण लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ५८ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेत. आयुष्यात दारूचा थेंब नाही (हे आधीच सांगते कारण लिव्हर म्हटलं की प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो आणि आई दर वेळी रडते). शुगर पंधरा वर्षं आणि पोट सुटलेलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दर वेळी फॅटी लिव्हर लिहून यायचं आणि आम्ही ते वाचून फाईलला लावायचो, कोणी मनावरच घेतलं नाही. गेल्या वर्षी पोटात पाणी झालं, मग एकदा रक्ताची उलटी झाली, तेव्हा कळलं सिरॉसिस आहे म्हणून, म्हणजे लिव्हर कायमचं खराब झालंय. आता पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय ट्रान्सप्लांटला पर्याय नाही, मेल्ड स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय ते दाखवणारा आकडा) २३ आहे.

बाबांचा ग्रुप ओ. आई आणि मी दोघी बी, म्हणजे आम्ही बाद. धाकटा भाऊ ओ आहे, २७ वर्षांचा, एमआयडीसीत नोकरी, लग्न व्हायचंय. तो पहिल्या दिवसापासून स्वतःच्या लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे. अडलंय ते बाबांपाशी. पोराच्या पोटावर सुरी फिरवून मला जगायचं नाही म्हणतात. आणि त्यात कुणीतरी त्यांना व्हॉट्सअॅपवर तीन व्हिडिओ पाठवलेत ते दिवसातून दहा वेळा बघतात. एकात काचेच्या पेटीत लिव्हर ठेवलंय आणि त्यातून रक्त फिरतंय, म्हणे मेलेल्या माणसाचं खराब लिव्हर पण दुरुस्त करून बसवतात. दुसऱ्यात चीनमध्ये डुकराचं लिव्हर माणसाला बसवलं. तिसऱ्यात कुठल्यातरी गाठीत नवीन लिव्हर उगवतात, ऑपरेशनच नाही, नुसतं इंजेक्शन.

बाबांचं म्हणणं, दोन वर्षं दम धरू, सगळं इथे येईलच की, मग पोराला हात लावायची गरजच नाही.

मला फक्त एवढंच विचारायचंय की हे व्हिडिओ खोटे आहेत की खरे? आणि खरे असतील तर थांबण्यात अर्थ आहे का? डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि "आजी, व्हिडिओ कमी बघायला सांगा" म्हणून आईला म्हणाले. आई ५२ ची आहे. असो.

घाट_उतरून

ताई धीर सोडू नका. आमच्या गावाकडे काविळीचं औषध देतात, भुईआवळा आणि गुळवेलीचा काढा, माझ्या चुलत सासऱ्यांना गुण आला होता. ऑपरेशनच्या आधी एकदा करून बघायला काय हरकत आहे. हे लोक लगेच कापाकापीवर येतात.

नाशिकचा_दुसरा_डाव

घाट_उतरून, हरकत आहे, भरपूर हरकत आहे. सिरॉसिस असलेल्या माणसाला काढे देऊ नका कृपा करून. कोविडच्या काळात सगळे गुळवेल पीत होते तेव्हा मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झालेले ६ पेशंट २०२१ मध्ये जर्नलमध्ये छापले होते. आयुष मंत्रालयाने तो अभ्यास मान्य केला नाही, वाद झाला, तो वाद चालू द्या. पण ज्याचं लिव्हर आधीच बसलंय त्याच्यावर प्रयोग नको. तुमच्या चुलत सासऱ्यांना साधी कावीळ असेल, ती बरेचदा आपोआप बरी होते आणि श्रेय काढ्याला जातं.

ताई, मी सविस्तर लिहितो रात्री, आता कामावर आहे.

मालवणी_पर्फ्युजन

कराडच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मूळचा मालवणचा, सध्या इंग्लंडमध्ये, आणि माझं रोजचं कामच त्या तुमच्या पहिल्या व्हिडिओतल्या पेटीवर आहे. मी सर्जन नाही, लॅबमधला माणूस आहे, त्यामुळे बाबांवर काय उपचार करायचे हे मी सांगणार नाही. व्हिडिओत काय चाललंय ते सांगू शकतो.

तिन्ही व्हिडिओ बहुतेक खरेच असतील. फक्त त्यातला एकही तुमच्या घरातल्या अडचणीवरचा नाही. कसं ते सांगतो.

आधी पेटी. आजवर दात्याच्या शरीरातून लिव्हर काढलं की त्यात थंड द्रावण भरायचं, पिशवीत घालायचं आणि बर्फाच्या पेटीत ठेवून पळायचं. ग्रीन कॉरिडॉर म्हणून बातमीत बघता ना, ती पळापळ त्यासाठीच. साधारण ४ अंशाला पेशींचं काम अगदी मंदावतं पण बंद पडत नाही, आणि ऑक्सिजन तर नाहीच. आम्हा मालवणी माणसाला हे समजवायला लागत नाही, बर्फातला बांगडा दिसायला ताजा असतो पण घड्याळ आतून चालूच असतं (उपमा वाईट आहे, माफ करा). लिव्हरला आठ-दहा, फार तर बारा तास. आणि खरा घोळ तर नंतर होतो. इतका वेळ उपाशी ठेवलेल्या पेशींना पेशंटच्या शरीरात गेल्यावर एकदम गरम रक्त आणि ऑक्सिजन मिळतो, त्या झटक्यात जास्त पेशी मरतात. चांगलं तरुण लिव्हर हा झटका पचवतं. चरबी साठलेलं, वयस्कर दात्याचं लिव्हर पचवेलच असं नाही, म्हणून सर्जन अशी लिव्हर नाकारतात. नाकारतात म्हणजे अंदाजानेच, कारण बर्फातल्या लिव्हरकडे बघून ते चालेल की नाही हे कोण सांगणार? हात लावून बघतात, रंग बघतात, फार तर बायोप्सी.

मशीनने हे बदललं. ऑक्सफर्डच्या लोकांनी बनवलेलं ऑर्गनऑक्स मेट्रा नावाचं मशीन २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात पहिल्यांदा पेशंटसाठी वापरलं. त्यात लिव्हर ३७ अंशाला, ऑक्सिजन घातलेल्या रक्तावर, अगदी शरीरात असल्यासारखं ठेवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खरं सांगतो. राखाडी पडलेला गोळा दहा-पंधरा मिनिटांत तांबूस व्हायला लागतो आणि मग नळीतून पित्ताचा पहिला थेंब येतो. शरीर नाही, मेंदू नाही, आणि हे आपलं पित्त गाळतंय. एकदा का ते काम करायला लागलं की तपासता येतं: लॅक्टेट (पेशी नीट चालत नसल्या की साठणारं आम्ल) खाली येतंय का, पित्त येतंय का, साखर वापरतंय का. म्हणजे बसवायच्या आधी टेस्ट ड्राइव्ह.

आता आकडे, कारण व्हिडिओत आकडे अर्धेच सांगतात. २०१८ मध्ये नेचर नावाच्या जर्नलमध्ये आलेला मोठा अभ्यास, २२० ट्रान्सप्लांट, निम्मी बर्फाची निम्मी मशीनची, चिठ्ठ्या टाकून वाटलेली. मशीनवाल्यांत लिव्हरला इजा निम्म्याने कमी, फेकून द्यावी लागलेली लिव्हरही निम्म्याने कमी, आणि ती ठेवली होती सरासरी ५४ टक्के जास्त वेळ. मस्त. पण पेशंट किती जगले, बसवलेलं लिव्हर किती टिकलं यात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. हे वाक्य व्हिडिओत कधी नसतं.

मग बर्मिंगहॅमचा अभ्यास, २०२०. इंग्लंडातल्या सगळ्या सेंटर्सनी नाकारलेली ३१ लिव्हर मशीनवर लावली, त्यातली २२ पास झाली आणि बसवली. तीन महिन्यांनी २२ च्या २२ पेशंट जिवंत. कचऱ्यात जाणारी लिव्हर होती ती! पण यातल्या ४ जणांच्या पित्तनलिका पुढे आकसल्या आणि त्यांना पुन्हा ट्रान्सप्लांट करावं लागलं. म्हणजे मशीन लिव्हरच्या पेशींची परीक्षा घेतं, नळ्यांची तितकी नीट घेत नाही. नळ्यांवर डच लोकांनी काम केलंय, ग्रोनिंगनच्या टीमने. ते गरम नाही, थंडच ठेवतात पण ऑक्सिजन देऊन, बसवायच्या आधी फक्त दोन तास. हृदय थांबून गेलेल्या दात्यांच्या लिव्हरमध्ये नळ्या आकसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, २०२१ चा अभ्यास. आणि झुरिकवाल्यांनी तर एक लिव्हर तीन दिवस मशीनवर ठेवून, त्यातला इन्फेक्शनचा संशय औषधांनी निपटून, मे २०२१ मध्ये बसवलं. पेशंट वर्षभराने ठणठणीत होता. तुमच्या बाबांनी बहुतेक हाच बघितला असणार.

आता लक्षात घ्या, हे सगळं कशासाठी चाललंय? मेलेल्या दात्याचं, लांबून आणलेलं, नाकारलं जाणारं लिव्हर वाचवायला. तुमच्या भावाचं लिव्हर कुठून येणार? शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून. बाहेर राहणार तास-दोन तास. २७ वर्षांच्या धडधाकट माणसाचं, ठरवलेल्या वेळेला, तपासून घेतलेलं. आम्ही लॅबमध्ये रात्रंदिवस जे जमवायला बघतो ते तुमच्या घरात आयतंच आहे.

सदा_शंकेखोर

मालवणी, माहिती छान पण हे पण सांगा ना की यामागे पैसा किती आहे. त्या मेट्रावाल्या कंपनीला जपानच्या तेरुमोने २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरला विकत घेण्याचा सौदा केला. सोन्याच्या भावाने मशीन आणि प्रत्येक लिव्हरला नवीन किट. आपल्याकडे कोणाला परवडणार?

मालवणी_पर्फ्युजन

पैसा आहेच, नाकारत नाही. किट एकदाच वापरायचं असतं आणि महाग असतं. पण त्याहून मोठा मुद्दा असा की मशीन लिव्हर तयार करत नाही, कुणीतरी दिलेलंच वाचवतं. इंग्लंडात बहुतेक लिव्हर मेलेल्या दात्यांकडून येतात म्हणून इथे त्याचा एवढा गाजावाजा. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट जिवंत नातेवाइकाच्या लिव्हरवर होतात. दातेच नसतील तर मशीन कशावर लावणार?

नाशिकचा_दुसरा_डाव

आलो. ताई, मी स्वतः पेशंट आहे. २०१५ मध्ये माझं झालं, बायकोने दिलं. हिपॅटायटिस बी होता, लहानपणी कधी झाला माहीत नाही, ४१ व्या वर्षी लिव्हर संपल्यावरच कळलं.

बाबांचं जे चाललंय ना, ते मी शब्दन् शब्द बोललोय. पोरं लहान आहेत, दोघांना एकदम टेबलावर घेणार, काही झालं तर पोरांना कोण. मी सहा महिने काढले त्यात. त्या सहा महिन्यांत काय झालं ते सांगतो, बाबांना वाचून दाखवा वाटल्यास. आधी पोटातलं पाणी पंधरा दिवसांनी काढायला लागायचं, मग आठवड्याने. मग एक दिवस मी बायकोला ओळखलंच नाही, रात्री उठून कपाटात लघवी केली म्हणे, मला काही आठवत नाही. अमोनिया डोक्यात गेला होता. मग क्रिएटिनिन चढलं, किडनी पण दमली. ज्या ऑपरेशनला मी स्वतःच्या पायाने चालत जाऊ शकलो असतो त्याला स्ट्रेचरवर गेलो, आयसीयूत अठरा दिवस काढले, आणि बायकोचं ऑपरेशन मात्र तेवढंच झालं, तिला काही कमी त्रास झाला नाही. म्हणजे थांबून मी तिचं काय वाचवलं? काही नाही. माझंच वाईट केलं आणि तिला दोन्हीकडचं बघायला लावलं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ती एका हातात ड्रेनची पिशवी धरून माझ्या काचेबाहेर आली होती. तिला इंग्रजी जे अक्षरासारखी खूण आहे पोटावर, मला मर्सिडीजच्या गाडीवर असते तशी. ती म्हणते एवढी एकच मर्सिडीज आपल्या नशिबी. तीन महिन्यांनी ती शाळेत रुजू झाली, शिक्षिका आहे. तिचं लिव्हर पुन्हा वाढलंय, स्कॅनमध्ये दिसतं.

आता गोळ्यांचं, कारण त्यावर पण व्हिडिओ येतील बाबांना. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, सकाळ-संध्याकाळ घड्याळाच्या काट्यावर. रक्तातली लेव्हल तपासायची तेव्हा सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, एकदा मी आधी गोळी घेऊन गेलो आणि रिपोर्ट बघून सगळ्यांची तारांबळ. सुरुवातीला हात थरथरायचे, सही बँकेत जुळेना. पपनस बंद, माझ्या सगळ्यात आवडीचं फळ, त्याने गोळीची लेव्हल चढते. बाकी सगळं खातो.

या गोळ्या कायमच्या बंद करण्यावर पण संशोधन चालू आहे. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात दात्याच्या आणि पेशंटच्या पांढऱ्या पेशी एकत्र वाढवून परत पेशंटला टोचल्या, १० जणांवर केलं आणि ७ जणांच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या, २०१६ साली छापून आलं. मी डॉक्टरांना कात्रण नेऊन दाखवलं. ते म्हणाले उरलेल्या तिघांचं काय झालं ते पण वाचा, त्यांना रिजेक्शन आलं. आणि तुम्ही मनाने बंद केल्या तर मी तुम्हाला ओळखत नाही. मग मी गप गोळ्या घेतो.

मालवणी_पर्फ्युजन

दादा, तुमचं वाचून मला लॅबमधली आकडेवारी फिकी वाटायला लागली.

ताईंच्या उरलेल्या दोन व्हिडिओंचं सांगतो.

डुक्कर. खरं आहे. जीन बदललेली डुकरं असतात, माणसाच्या शरीराने लगेच हल्ला करू नये म्हणून. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मेंदू मृत झालेल्या माणसाला अशा डुकराचं लिव्हर शरीराबाहेरच ठेवून जोडलं होतं, ७२ तास चाललं, आणि गंमत म्हणजे ते ठेवलं होतं आमच्याच मेट्रा मशीनमध्ये. चीनमध्ये शीआनला मेंदू मृत माणसाच्या शरीरात १० दिवस. आणि हफेईमध्ये मे २०२४ ला पहिल्यांदा जिवंत माणसाला, ७१ वर्षांचे गृहस्थ, हिपॅटायटिस बी आणि मोठी कॅन्सरची गाठ. ते १७१ दिवस जगले. पण डुकराचं लिव्हर ३८ व्या दिवशी काढावं लागलं, कारण बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या व्हायला लागल्या होत्या. स्वतःचं उरलेलं लिव्हर तोवर थोडं सावरलं होतं म्हणून ते पुढे जगले. संशोधन म्हणून हे जबरदस्तच आहे, ३८ दिवस पित्त आणि प्रोटीन दिलं त्याने. पण याचा पहिला खरा उपयोग होईल तो माणसाचं लिव्हर मिळेपर्यंत आठवडाभर पेशंटला तगवायला, असं या क्षेत्रातल्या बहुतेकांना वाटतं. भावाच्या लिव्हरच्या बदली नाही.

तिसरा, गाठीत उगवणारं लिव्हर. पिट्सबर्गची लायजेनेसिस नावाची कंपनी. न वापरलेल्या लिव्हरमधून पेशी काढायच्या आणि एंडोस्कोपीतून पोटातल्या लिम्फ नोडमध्ये (शरीरात मुळातच असणाऱ्या छोट्या गाठी, कॅन्सरच्या नव्हे) टोचायच्या, तिथे त्या छोटं लिव्हर बनवतात. उंदीर, डुक्कर, कुत्रा यांच्यात जमलं. माणसाला पहिला डोस २०२४ च्या सुमारास ह्यूस्टनला दिला. ठरवलेले पेशंट एकूण १२. बारा! त्यात आधी सुरक्षित आहे का एवढंच बघायचंय. शिवाय गोळ्या त्यातही लागतातच कारण पेशी परक्याच्या आहेत.

आणि बाबांना एक सांगा. भावाचं जे ऑपरेशन होणार आहे ना, ते पण एकेकाळी असाच व्हिडिओ होतं, फक्त तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला स्टार्झल नावाच्या सर्जनने पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, तीन वर्षांचा मुलगा, टेबलावरच गेला रक्तस्रावाने. चार वर्षं लागली पहिला पेशंट जगायला. जिवंत माणसाचा तुकडा घेऊन यशस्वी झालं १९८९ मध्ये, ब्रिस्बेनला, आईचं लिव्हर तिच्या बाळाला. मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला उजवा भाग द्यायचा हे हाँगकाँगला १९९६ मध्ये. आणि भारतात १९९८ ला दिल्लीत, वीस महिन्यांचं मूल आणि दाता कोण, तर बाप. बाबांना ज्या नव्या संशोधनाची वाट बघायचीय त्यातलं एक तीस वर्षं घासून पुसून त्यांच्यासमोर उभं आहे.

विटा_टू_दुबई

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्या मावशीला आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, ऑपरेशन होत नाही म्हणाले. तिला ट्रान्सप्लांट चालेल का? कुठेतरी वाचलं.

मालवणी_पर्फ्युजन

फ्रान्सच्या पुढाकाराने ट्रान्समेट नावाचा अभ्यास झाला, लॅन्सेटमध्ये २०२४ ला आला. ९४ पेशंट. केमो आणि ट्रान्सप्लांटवाले पाच वर्षांनी ५७ टक्के जिवंत, नुसत्या केमोवाले १३ टक्के. पण निवड फार कडक होती, कॅन्सर लिव्हरबाहेर कुठेही नको, मूळची गाठ काढलेली हवी, केमोला चांगला प्रतिसाद हवा. मावशींचे रिपोर्ट घेऊन मोठ्या सेंटरला दाखवा, इथे कोणी हो-नाही सांगू नये. वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचं चाललंय.

समन्वयक_सिस्टर

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे, कुठल्या हॉस्पिटलात ते विचारू नका.

कराडच्या ताई, थांबायचं की नाही हा प्रश्न तुम्ही दोन टोकांचा करून ठेवलाय. बाबांचं नाव झेडटीसीसीच्या (मेलेल्या दात्यांचे अवयव वाटणारी विभागीय संस्था) यादीत घालायचं आणि त्याच वेळी भावाच्या तपासण्या चालू ठेवायच्या, दोन्ही एकदम करता येतं, बहुतेक जण तेच करतात. मेलेल्या दात्याचं आधी आलं तर भाऊ सुटला. न आलं तर तयारी झालेली असते. फक्त ओ ग्रुपला वाट जास्त बघावी लागते, ओ ला ओ चंच लागतं ना. दुसऱ्या ग्रुपचं पण बसवतात आता, आधी औषध देऊन आणि प्लाझ्मा बदलून, पण खर्च आणि इन्फेक्शनची भीती वाढते. तुमच्या घरात ओ आहे तर त्यात कशाला जायचं.

मेल्ड म्हणजे रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (किडनी), आयएनआर (रक्त गोठणं) आणि सोडियम यांचं गणित, येत्या ९० दिवसांत किती धोका आहे ते सांगतं. दोन वर्षांचं नाही सांगत. २३ ला दोन वर्षांचा बेत करत नाहीत ताई. स्पष्ट बोलले, राग मानू नका.

भावाचं. मुलगा म्हणजे कायद्याने जवळचा नातेवाईक, १९९४ चा कायदा. कागद लागतील, मुलाखतीचं व्हिडिओ शूटिंग होईल. (जावई, मेहुणा त्यात येत नाहीत, त्यांना राज्याच्या नियमाप्रमाणे कमिटीपुढे जावं लागतं, हे लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतं आणि मग धावपळ.) भावाला एकट्याला बसवून विचारतील, तुझ्यावर कोणी दबाव टाकलाय का. तिथे तो नाही म्हणाला तर आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगतो की दाता वैद्यकीय दृष्ट्या बसत नाही. कोणी नाही म्हटलं हे बाहेर जात नाही. हे बाबांना नक्की सांगा. त्यांच्या पिढीला वाटतं पोरगं लाजेखातर हो म्हणालं.

मग सीटी करून लिव्हरचं माप काढतात. बाबांच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी लिव्हर मिळायला हवं आणि भावाकडे त्याचं स्वतःचं किमान ३० टक्के राहायला हवं, ही दोन्ही गणितं जुळली तरच पुढे. एमआरसीपीत पित्ताच्या नळ्या बघतात. आणि धोका शून्य नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उजवा भाग देणाऱ्यांत साधारण दोनशे ते पाचशेत एक मृत्यू असं जगभरातून सांगतात. म्हणूनच एवढ्या तपासण्या. मी स्वतः चांगल्या-चांगल्या तयारीच्या दात्यांना चरबीमुळे परत पाठवताना बघितलंय.

कराडची_लेक

चरबीचंच झालंय हो सिस्टर. भावाची सोनोग्राफी काल झाली, ग्रेड वन फॅटी. वजन ८४. आता बाद का तो?

समन्वयक_सिस्टर

लगेच बाद नाही. आम्ही अशांना दोन महिने देतो, वजन उतरवून परत तपासतो. लिव्हरमधली चरबी पोटावरच्या चरबीपेक्षा लवकर जाते, पाच-सहा किलो उतरले तरी फरक दिसतो. वडापाव, थंड पेय, बाहेरचं बंद, रोज तासभर भराभर चालणं. उपाशी मारू नका त्याला, डायटिशियनच्या कागदाप्रमाणेच.

सदा_शंकेखोर

बघा, बाबांचं लिव्हर ज्याने गेलं तेच पोराच्या लिव्हरमध्ये सुरू झालं होतं. या निमित्ताने तरी कळलं.

कराडची_लेक

सगळ्यांना एकेकाला लिहायला हवं होतं पण बाळ पाच महिन्यांचं आहे, ते झोपलं की लिहिते.

काल रात्री आईने आणि मी हा अख्खा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. डुकराच्या ३८ दिवसांपर्यंत ते कान देऊन ऐकत होते, १२ पेशंटचं ऐकल्यावर हसले, म्हणाले एवढी माणसं तर माझ्या गाडीच्या टपावर बसायची. नाशिकच्या दादांचं वाचताना मी कपाटाचं गाळणार होते पण आईने वाचलंच. बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. उठून बाहेर जाऊन बसले बराच वेळ.

सकाळी भावाला म्हणाले, चालायला जातोस ना, मग मला पण उठव, मी फाटकापर्यंत येतो. भावाने काल डबा घरचाच नेला. बाबांचं नाव यादीत घालायला शुक्रवारी पुण्याला चाललोय, भावाची दुसरी तपासणी दोन महिन्यांनी. अजून हो म्हणाले नाहीयेत ते, पण व्हिडिओ काही लावले नाहीत आज.

नाशिकचे दादा, बाबांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, पपनस नाही चालत तर संत्रं-मोसंबी चालते का?

नाशिकचा_दुसरा_डाव

संत्री मी रोज खातो म्हणावं, नागपुरी. मोसंबीचं डायटिशियनला विचारा, मला आवडत नाही म्हणून मी कधी विचारलंच नाही.